हौश्या ऐकत नाही

मागे जोडलेलं : पातं

"मी पाडली भिंत," मंजुश्री म्हणाली, आणि म्हणताना तिच्या छातीत असं धडधडत होतं, की आत्ता बंद केलेलं इंजीन अजून चालूच आहे असं तिला वाटलं...

न्हाणीची भिंत अंगणात आडवी झाली होती. तांब्याचा बंब गडगडत जाऊन तुळशीला टेकला होता. बारक्या ट्रॅक्टरच्या सीटवर मंजुश्री बसली होती, आणि चाकापाशी, टोपीवर विटांची धूळ घेऊन, तिचे सासरे भरमूआप्पा उभे होते. गोठ्यातून धावत आलेल्या नागेंद्रने, तिच्या नवऱ्याने, पाहिलं ते एवढंच.

त्याआधीचं त्याला दिसलं नव्हतं. अंगण सारखं करायला मागे पातं जोडून आप्पाच ट्रॅक्टर फिरवत होते. भिंत जवळ आली, आणि जन्मभर बैल हाकलेल्या त्या माणसाचा पाय क्लचवर जायचं विसरला. दोन्ही हातांनी स्टेअरिंग छातीकडे ओढत ते ओरडले, "होऽऽ... होऽऽ रं हौश्या..."

बैल असता तर थांबला असता.

भिंत पडून विटांत चाक अडल्यावर आप्पा खाली उतरले, मंजुश्री वर चढली आणि तिने इंजीन बंद केलं. नेमका तेव्हाच नागेंद्र आला.

तो बेळगावला नोकरीला, रविवारचा घरी. "आत आई असती तर?" त्याने विचारलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आप्पांनी पाडली असती तर आजच हा ट्रॅक्टर विकला असता मी. त्यांच्या हातनं काय इपरीत व्हायची वाट बघत बसनार न्हाय. तू हाईस म्हणून एवढंच सांगतो... किल्लीला परत हात लावायचा न्हाय."

मंजुश्रीने किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती आप्पांना दिली. आप्पांनी घेतली, आणि निखारा धरावा तशी धरून उभे राहिले.

मागे जोडलेलं : रोटर

का केलं तिने असं? कारण तिने रिकामी दावण पाहिली होती. बैलजोडी म्हातारी झाली, नंदगडच्या पाहुण्यांकडे गेली, आणि आप्पा त्या दावणीसमोर बसून राहू लागले, ताटातली भाकरी तशीच वाळू लागली... मग हा बारका ट्रॅक्टर आला. आप्पांनी त्याला गेलेल्या बैलाचंच नाव ठेवलं, हौश्या. पहाटे उठून त्याचं बॉनेट पुसू लागले, त्याच्याशी पावसापाण्याचं बोलू लागले, आणि दोन भाकरी जास्त मागू लागले. ते परतलेलं हसू तिला मोडवेना.

पण द्यायचं म्हणून तिने दिलं ते काही थोडं नव्हतं. मंजुश्री शहापूरच्या विणकराची लेक. मागांच्या खडखडाटात वाढलेली; एक धागा तुटला तरी झोपेत कूस बदलणारी. सासरी आल्यावर तिचा आवाज बारीक झाला होता, पण त्या सीटवर बसलं की तिचं अंतःकरण शिवाराएवढं रुंद व्हायचं. यंत्राचं सुखदुःख तिला कानाने कळायचं...

ते सुख तिने भिंतीखाली गाडलं.

आता आप्पा उसाच्या सरीतून माती भुसभुशीत करणारा रोटर चालवत, आणि ती खुरपं घेऊन मागून चाले, कान लावून. पात्याचा बोल्ट सैल झाला की तिचा हात वर जाई. उघड्या रानात आप्पांचा पाय शहाणा होता. अडचणीच्या जागीच त्यांना बैल आठवत. म्हणून बांधाच्या कोपऱ्यावर ती नेमकी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असे; पाण्यासाठी थांबायचं म्हणून त्यांचा पाय आधीच क्लचवर जाई.

गावातल्या बायकांनी तिचं नाव 'भिंतपाडी' ठेवलं. तीही हसली. उसात शिरल्यावर मात्र पदराने डोळे पुसले, आणि पदराला मातीच जास्त लागलेली असल्याने तोंड काळं करून बाहेर आली.

एकदा आप्पा म्हणाले, "पोरी, मी सांगून टाकतो नागेंद्राला."

"सांगा की मामा. आनि हौश्याला निरोपाचा नारळ फोडा."

आप्पांनी गिअर टाकला.

मागे जोडलेलं : ट्रॉली

शेणखत. तिने भरलं, त्यांनी नेलं. न्हाणीला सध्या जुन्या लुगड्यांचा आडोसा होता, आणि सासूबाई, ताराबाई, आतून सांगत होत्या की भिंत गेल्यापासून वारं लई झ्याक लागतंय.

मागे काही नाही

बेंदूर. आज बैलाच्या मानेवर जू नाही, म्हणून आप्पांनी हौश्याच्याही मागचं सगळं सोडून ठेवलं. बॉनेटवर हिंगुळाने शिंगं काढली. बैलांचा जुना कासरा माळ्यावरून काढून स्टेअरिंगला गुंडाळला. ताराबाईंनी पुरणपोळीचा घास रेडिएटरला दाखवला.

वेशीत पाल्याची दोरी बांधलेली असते, तिला कर म्हणतात. ती मानाच्या बैलाने तोडायची, आणि मान आप्पांच्या घरचा. यंदा बैल नाही, तर ट्रॅक्टर. गाव गोळा झालं होतं. नागेंद्र रजा काढून आला होता. मंजुश्री चाकाच्या बाजूने चालत होती, एक डोळा आप्पांच्या पायावर ठेवून. तिला दुसरं काही नको होतं... एवढी वेस निभावू दे, या म्हाताऱ्याची लाज राहू दे!

हलगीवाले वळले आणि पुढ्यात येऊन वाजवू लागले.

आप्पांचा पाय विसरला.

"होऽऽ... होऽऽ रं हौश्या..." स्टेअरिंग छातीशी. हलगीवाला हलगी टाकून पळाला. मंजुश्रीने चढून त्यांच्या मांडीवरून हात घालत इंजीन बंद करायची दांडी ओढली. हौश्या थांबला, हलगीपासून वीतभर.

गाव हसत सुटलं. नागेंद्र तेवढा हसला नाही. त्या रविवारी गोठ्यात त्याने हीच हाक ऐकली होती, आणि आप्पांना जुने बैल आठवत असतील, असं समजून म्हशीला वैरण टाकत राहिला होता... त्याने आप्पांकडे पाहिलं. मग मंजुश्रीकडे.

"ती भिंत माझी हाय, लेका," आप्पा वरूनच म्हणाले, सगळ्यांदेखत. "ही पोर निस्तं वज्झं उचलत आली माझं."

"मला तवाच कळलंतं," ताराबाई म्हणाल्या. "जलमभर ती हाळी ऐकतोय न्हवं मी."

"मग बोलली न्हाईस, आई?"

"ह्येंचं तोंड कवा उघडतंय बघत हुतो. म्हणून तर पोळीवर हिला तूप जास्ती वाढत आलोय."

आप्पा खाली उतरले. "इकून टाक ट्रॅक्टर," ते म्हणाले. ज्यासाठी मंजुश्रीने सगळं सोसलं, ते शेवटी वेशीत सांडलं होतं...

नागेंद्रने स्टेअरिंगचा कासरा सोडला.

पुढे जोडलेलं : कासरा

त्याने तो हौश्याच्या पुढच्या हुकाला बांधला आणि दुसरं टोक आप्पांच्या मुठीत दिलं. "बेंदराला धनी म्होरं चालतो, आप्पा. सीटवर बसून कुणी बैल मिरवलाय काय?" मग बायकोकडे वळला, आणि इतक्या माणसांत त्याला नीट पाहता येईना. "तू बस," म्हणाला. "माझं चुकलं. उद्या भिंतीला इटा आनायच्यात. तूच आन."

मंजुश्री चढली. डोळे भरल्यामुळे पुढचं सगळं रंगाचं पाणी झालं होतं. तिने कानाने गिअर टाकला.

आप्पा पुढे निघाले, कासरा खांद्यावरून, पाठ ताठ. हलगी पुन्हा लागली. करापाशी आल्यावर त्यांनी मागे न बघता हाक घातली, सवयीने, सगळ्या जन्माच्या सवयीने :

"होऽऽ..."

हौश्या जागच्या जागी थांबला.

आप्पा वळले. शिंगांकडे बघितलं, सीटवरच्या सुनेकडे बघितलं, आणि टोपी मागे सारून गावाला म्हणाले, "बघा. ऐकतंय की."