मामाच्या दुकानातले टॉवेल

हिशेबाच्या तेरीज पत्रकात नावे आणि जमा या दोन्ही बाजू सारख्या याव्या लागतात, आणि माझ्या येतच नव्हत्या. फरक चौपन्नचा. शुक्रवार पेठेतला क्लास कधीच सुटला होता, मी आपली जिन्यात मांडीवर वही घेऊन बसलेली. तेवढ्यात वरून उतरता उतरता कुणीतरी वाकलं.

"चौपन्नला नवानं भाग जातो की."

"जातो. मग?"

"मग कुठंतरी दोन आकडे उलटे लिहिलेस. शोध."

सापडलं. त्र्याण्णवच्या जागी एकोणचाळीस! मान वर केली तर तो हसत होता... आणि मला भर उन्हात कुणी पंखा लावल्यासारखं झालं.

गुरुराज. माझ्याच अकरावीतला, घरचा भवानी पेठेत टॉवेलचा कारखाना. क्लास सुटला की आम्ही कंबर तलावाच्या कट्ट्यावर मोबाइलवर कंपन्यांचे अहवाल वाचायला लागलो. बाजूची जोडपी काय बोलत असतील कोण जाणे, आमचं हे असं —

"नफा बघून भुलायचं नाही."

"मग कशाला भुलायचं?"

"भुलायचंच नाही. विकलं म्हणतेत, पण पैसे हातात आले का, ते बघायचं."

"आणि मी आधीच भुलले असले तर?"

"कुठल्या कंपनीला?"

"कंपनीच आहे, असं कुठं म्हटलं मी..."

कान लाल करून तो शेंगा सोलत बसला. सोललेल्या सगळ्या माझ्याच हातावर ठेवल्या, स्वतः एकही खाल्ली नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी, त्या दिवसांत सरांच्या चुका काढायला लागले होते.

मग त्याचा दादा सोमलिंग आमच्या घरी आला. धंदा वाढवायला भागीदार हवा होता. सांगोल्याकडची मेंढरं विकून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, दोन लाख ठेवले होते, माझ्या पुढच्या शिक्षणासाठी. तेच दुप्पट होतील, म्हणाला. गुरुराज सोबत होता, पण आल्यापासून कपातच बघत होता.

अण्णांनी हिशेबाचा कागद माझ्यापुढं सरकवला. "ऋतू, तूच बघ. मला काय कळतंय त्यातलं?"

पहिल्यांदाच असं म्हणाले ते. मी वाचलं. विक्री झकास. नफा झकास. रोकड... जवळपास नाहीच.

"दादा, ही दिवाळीची विक्री कुणाला केली?"

"मामाला. अक्कलकोटला दुकान हाय त्यांचं."

"त्यांनी पैसे दिले?"

"टॉवेल खपले की देतील."

"म्हणजे माल अजून दुकानातच आहे. मग विक्री कशी धरली?"

"अगं, मामाच हायत. घरचा माणूस माल माघारी पाठवतोय व्हय?" सोमलिंग हसला. त्याचा खरंच तसा विश्वास होता. आमच्याकडं सगळेच असं लिहितात, म्हणाला.

गुरुराजनं तेव्हा कुठं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. त्या नजरेत जे मागितलं होतं ना, ते मला कळलं. नीट कळलं.

"टाकू का गं पैसं?" अण्णांनी विचारलं.

"नको, अण्णा."

चहा तसाच ठेवून सोमलिंग उठला. मी दारापर्यंत गेले. तो गाडी चालू करत होता, गुरुराज उंबऱ्यापाशी थांबला.

"तुला माहीत होतं," मी हळूच म्हटलं.

"होतं. पण आमचं बँकेचं कर्ज थकलंय, ऋतुजा. आणि तू... तू मला आवडतीस. वाटलं, एकदा गप्प बसशील."

इतके दिवस ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आलं, पाठ फिरवता फिरवता.

"मी शिकवायचो तेव्हा मान हलवायचीस," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझ्याकडं बघून हलवतीस."

"तुझ्याकडंच बघायचे. पण ऐकतही होते."

तो दादाच्या मागं जाऊन बसला. गाडी बोळातून वळून गेली.

आत आले तर अण्णा पैशाचं पाकीट परत कपाटात ठेवत होते. चेहरा नुसता फुललेला. "काय पकडलंस पोरी! क्लासातल्या सरांनी शिकवलं व्हय हे?"

"नाही. एका मुलानं."

"लई गुणी दिसतोय की. एकदा जेवायला बोलाव त्याला."

"आत्ता उठून गेला, अण्णा. तोच."