पाच मिनिटांचा नियम

हिरामण पाटलांना समुद्राचं कौतुक नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीच्या खाडीत जाळं टाकलेल्या घरातला माणूस बोटीवर हौसेनं जाऊन करणार काय? पण एकुलता एक पोरगा, भावेश, हट्टाला पेटला. २००६ साल होतं. पूर्णा गावातली जमीन गोडाऊनला देऊन गावकरी कुठं कुठं फिरून येत होते, मग पाटील बापलेकही मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर चढले. हिरामणनी एकच अट घातली, "टीव्हीवरची मॅच चुकता कामा न्हाय."

कारण ते वीस वर्षं गावच्या टेनिस-बॉल स्पर्धांचे अंपायर. सख्ख्या धाकट्या भावाला, लडकूला, शून्यावर बाद देऊन घरी महिनाभर अबोला सोसलेला माणूस. नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण हादडून दोघं सातव्या मजल्यावरच्या टीव्हीच्या हॉलमध्ये बसले. बाकी सगळे पोहायच्या हौदावर होते. हॉलमध्ये एसीची घरघर आणि ओल्या गालिच्याचा वास. भावेश रिमोट दाबत गेला. पाच-सहा चॅनलवर नुसत्या मुंग्या. मग एकदम क्रिकेट लागलं.

तांबडी माती, चुन्याच्या रेघा, सीमेला सुंभाची दोरी. कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलेलं.

"बाबा, आपलं मैदान!" भावेश हसला. "केबलवाल्यानं पार समुद्रात आनलं!"

हिरामण हसले नाहीत. गावची केबल धामणकर नाक्यापलीकडं कधी गेली नव्हती, आणि त्या मैदानावर दोन वर्षं झाली पत्र्याचं गोडाऊन उभं होतं. जुनी कॅसेट लावली असेल, त्यांनी मनाची समजूत घातली.

तेवढ्यात बॅट्समन कॅमेऱ्याकडं वळला. तो गावातला बाळाराम होता. त्याला पडघ्याजवळ ट्रकनं उडवलं, तेव्हा हिरामणनी खांदा दिला होता. दुसऱ्या टोकाला लडकू उभा. लडकू जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि तो गेला तेव्हा बाळाराम दुसरीत शिकत होता. हे दोघं एका मॅचमध्ये खेळतील अशी कॅसेट निघणंच शक्य नव्हतं.

बाळारामचा त्रिफळा उडाला. कॉमेंटेटर ओरडला, "शेवटचा बॅट्समन, भावेश हिरामण पाटील! ये रे बाला लवकर!"

भावेश उठला. त्यानं पँट घोट्यापर्यंत दुमडली, बुटांच्या नाड्या आवळल्या.

"कुठं?" हिरामणनी विचारलं.

"मना बोलवतान." तो डेकच्या काचेच्या दाराकडं निघाला. दाराबाहेर चार पावलांवर कठडा होता, आणि कठड्यापलीकडं पाणी.

हिरामण धावले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. गावचा नियम त्यांना पाठ होता. बॅट्समन पाच मिनिटांत दोरीच्या आत आला नाही, तर तो बाद. त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं. म्हातारी हाडं मोडली तरी बेहत्तर, पोराला सोडायचं नाही.

भावेश त्यांना ढकलत राहिला. त्याच्या हातांत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर होता. त्याची नजर बापाच्या खांद्यावरून बाहेर.

दोन मिनिटं. प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले. संथ, एका तालात.

तिसऱ्या मिनिटाला लडकू चालत कॅमेऱ्याजवळ आला.

"दादा, पोराला सोड. एकच रन पायजे."

अकरा वर्षांनी भावाचा आवाज ऐकून हिरामणना रडू फुटलं. पाठ दारावरून हलली नाही.

चार मिनिटं.

टाळ्या थांबल्या. मैदानावरचे सगळे त्यांच्याकडंच पाहत होते.

पाच.

हिरामणनी बोट वर केलं. "आऊट!"

पडद्यावर मुंग्या पसरल्या. भावेशचे हात सैल पडले. तो खुर्चीत बसला, डोळे चोळले.

"बाबा, रडताव कशाला? मॅच लावा ना."

त्या रात्री हिरामण पोराचं मनगट धरून झोपले. जिंकलो, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

सकाळी मुंबई जवळ आली, मोबाईलला रेंज मिळाली. त्यांनी आधी घरी बायकोला, गुणाबाईला फोन लावला.

"सगलं ठीक हाय ना?"

"आमाला काय झालंय? पन मैदानावरच्या गोडाऊनचा वॉचमन येऊन गेला. कालच्या दुपारपासून बंद गोडाऊनात मानसं बोलतान म्हनतो. लय भ्यालाय."

"भावेशला बोलवतान?"

"भावेशला कशाला?" गुणाबाई म्हणाली. "बोलतान, मैदानाभायेरून दिलेला आऊट आमी मानत न्हाय. अंपायरला पाठवा."