पाय माझे, करवत त्याची

त्या लोखंडी स्टँडचं एक टोक मी धरलं होतं आणि दुसरं टोक एका अनोळखी माणसानं.

१९७९ सालचा श्रावण. शहापूरच्या बोळात बारीक झिमझिम चालली होती. दोन्ही बाजूंच्या घरांतून विणकरांच्या मागांची खटखट येत होती आणि मी मोडीच्या दुकानात जुन्या शिवणयंत्राचं स्टँड दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"सोडा," मी म्हटलं. "मी आधी धरलंय."

"मी आधी बघितलंय," तो म्हणाला.

"बघून काय होतंय? चंद्र पण मी रोज बघते."

तो हसला. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण स्टँड सोडायला तो तयार नव्हता.

"तुम्ही टेलर काय?" मी विचारलं.

"न्हाय. टेलिफोन खात्यात लाईनमन हाय."

"मग हे कशाला?"

"लाकूड कापायला."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "लाकडाचं पोलकं शिवता काय?"

"शिवत न्हाय…" तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "नुसतं कातरतो. आणि तुम्हाला कशाला?"

"माझ्या मशीनचा पाय मोडलाय. गणपती तोंडावर आलाय आणि अनगोळातल्या निम्म्या बायकांची पोलकी माझ्याकडं अडकलीत."

त्यानं लगेच हात काढला. "मग न्या. माझा तर नुसता छंद हाय."

इतक्या सहज सोडलं म्हटल्यावर मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी स्टँड उचलायला गेले – ते काही जमिनीवरून हललं नाही. त्यानं पुन्हा धरलं.

"आता परत कशाला?"

"अनगोळपर्यंत एकट्या कशा नेणार?"

त्यानं सायकलच्या कॅरिअरवर स्टँड दोरीनं आवळून बांधलं. तो हँडल धरून चालला आणि मी मागून स्टँडला हात लावून. वाटभर त्याची पाठ भिजत होती… आणि मी मात्र छत्रीत. ती छत्री मी थोडी पुढं धरावी की न धरावी, याचा विचार करता करता अनगोळ आलं.

त्याचं नाव रवळू. खानापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. शहापुरात खोली घेऊन एकटाच राहायचा. त्यानं मशीन स्टँडवर बसवून दिलं, पट्टा घातला, तेल सोडलं. आईनं चहा दिला. जाताना त्यानं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आईच्या हातावर ठेवलं.

"चहा दिलासा, मावशी. हे राहू दे तुम्हाला."

पिंपळाचं पान होतं. वाळून नुसत्या शिरा उरतात ना, तसं. मी ते दोन बोटांत धरलं आणि दाराच्या उजेडाकडं केलं. शिरांच्या मधल्या मोकळ्या जागेतून बाहेरचा पाऊस दिसत होता.

"कुठल्या पिंपळाचं?" आईनं विचारलं.

"पिंपळाचं न्हवं, मावशी. शिवण म्हणून झाड असतंय, त्याचं लाकूड हाय ते."

लाकूड! लाकूड म्हणजे मला दार ठाऊक, नांगर ठाऊक, चुलीतलं जळण ठाऊक. लाकडात अशी हवा खेळू शकते… कुणीतरी माणूस बसून त्यातून उजेड मोकळा करू शकतो… मी त्याच्या हातांकडं बघितलं. खांबावर चढून चढून तळवे राठ झालेले. ह्या हातांनी?

"करवतीचं पातं केसासारखं बारीक असतंय," तो सांगत होता. "हातानं कापायला लई दिवस लागतात. स्टँड मिळालं असतं तर पायानं चालवून… पण तसं बी आमच्या घरमालकिणीला करवतीची खरखर आवडत न्हाय. चारी बाजूला माग खटखटतात, ते चालतंय."

आई अजून पानच बघत होती. पानावरून बोट फिरवत ती म्हणाली, "रविवारी हिचं मशीन बंदच असतंय की. ये की मग रविवारी. मी हाय, हिचे आप्पा हायेत. मला देव्हाऱ्याला एक जाळी करून दे."

अशी माझ्या मशीनला रविवारची दुसरी नोकरी लागली.

तो यायचा, माझं मशीन काढून बाजूला ठेवायचा आणि त्या जागी स्वतः बनवलेला लाकडी सांगाडा बसवायचा. त्यात ते पातं ताणलेलं असायचं. खाली पाय मारले की पातं वरखाली नाचायचं. पण पाय मारायचे आणि बारीक नक्षीवर लाकूडही फिरवायचं, हे त्याला जमेना. पायाचा ताल चुकला की टण्ण! पातं तुटायचं. पहिल्या रविवारी पाती तुटतच राहिली आणि मी कोपऱ्यात काजं करत हसत राहिले.

"हसायला काय झालं?"

"तुमचे पाय खांबावर चढायचे. त्यांना ताल कुठला?"

"मग तुम्ही दाखवा की."

मी स्टूल ओढलं आणि बाजूनं पायटा दाबला. माझ्या पायांना कितीतरी वर्षांची सवय – हळू म्हटलं की हळू, धावती टीप म्हटलं की धावते. पातं गुणगुणायला लागलं. त्यानं लाकूड पुढं सरकवलं. वळण आलं की माझा पाय आपोआप मंदावायचा, सरळ रेघ आली की चालायचा. त्यानं 'थांबा' म्हणायच्या आधी मी थांबायची.

"तुम्हाला कसं कळतंय?" त्यानं मान वर करून विचारलं. त्याच्या भुवयांवर भुसा बसला होता.

"काय?"

"मी कुठं वळणार ते…"

मला तरी कुठं माहीत होतं? पोलकं शिवताना गळ्याच्या गोलाईला पाय हळू पडतो, तसा पडत होता. पण तो माझ्याकडं बघत राहिला… मी त्या पिंपळपानाकडं बघितलं होतं ना, अगदी तसा. तसं मला आजवर कुणी बघितलं नव्हतं.

आईची जाळी झाली. मग मी शहापुरी साडीच्या काठावरची वेल कागदावर उतरवून दिली, त्यावरून त्यानं फणी ठेवायची पेटी केली आणि ती मलाच दिली. तो काही विकायचा नाही. ऑफिसातल्या शिपायाच्या लेकीला मोर, दवाखान्यातल्या बाईंना फुलदाणी. कुणाला काय द्यायचं ते मनात धरून बसायचा आणि त्या माणसाबद्दल बोलत बोलत कापायचा. चौकटीतून कापलेला तुकडा टप्पकन खाली पडायचा आणि तिथं अचानक चिमणी दिसायला लागायची. दर वेळी मी वाकून बघायची. सवय म्हणून झाली नाही.

दसऱ्याच्या सुमारास आई म्हणाली, "रवळू, एक काम हाय रं. दिवाळी झाल्यावर हिला बघायला निपाणीचे पावणे येणार हायेत. पोरगा तंबाखूच्या वखारीत कारकून हाय. त्यांना द्यायला दिव्याची जाळी करशील काय? असली, की बघत राहतील."

माझा पाय थांबला. रवळू काचकागदानं एक कडा घासत होता, ती घासतच राहिला.

"करतो की, मावशी," तो म्हणाला.

मग दर रविवारी आम्ही ती जाळी करायला लागलो. कमळं, वेली, वेलींवर पोपट. आधी गिरमिटानं बारीक भोक पाडायचं, त्यातून पातं ओवायचं, आतली नक्षी कापायची, पातं सोडवायचं, पुढचं भोक. माझ्या सासरसाठी मीच पाय मारत होते आणि तो मान खाली घालून कापत होता.

"निपाणी चांगलं गाव हाय," एकदा तो म्हणाला. "तंबाखूचा तेवढा वास येतोय."

"तुम्हाला चालंल काय तो वास?"

"मला कशाला? जाणार तुम्ही."

"व्हय. मीच जाणार."

माझा पाय जोरात पडला. टण्ण! माझ्या पायानं तुटलेलं ते पहिलं पातं.

"शालनबाई… ताल चुकला."

"चुकू दे!"

तो नवं पातं लावत होता, पण ते काही केल्या भोकात जाईना. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी… पण तो पातंच ओवत राहिला. मला त्याचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं आणि भुसा गेला म्हणून मी ते पुसलं.

पावणे आले त्या दिवशी आईनं जाळीत बल्ब बसवला आणि खिडक्या लावून घेतल्या. बटण दाबलं – आणि आमच्या शेणानं सारवलेल्या पुढच्या सोप्याच्या चारी भिंतींवर कमळं उमलली. छतावर वेली चढल्या. पोपट पावण्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर येऊन बसले. आप्पा दारात पायताण काढता काढता तसेच उभे राहिले. मुलगा, भावकू त्याचं नाव, तोंड उघडं टाकून छताकडं बघत होता. आणि मी… ज्या जाळीच्या प्रत्येक वळणाला माझा पाय पडला होता, ती मीसुद्धा पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत होते. एवढं सगळं त्या फळकुटांत होतं? एवढं सगळं तो मान खाली घालून, न बोलता, त्यात ठेवत होता?

भावकूची आत्या अक्काताई उठून जाळीजवळ गेली. नाकापर्यंत पदर घेऊन बसलेल्या मला तिनं विचारलं, "कुणी केलं गं हे?"

आई म्हणाली, "आमच्या ओळखीतला एक पोरगा हाय, त्यानं –"

"आम्ही दोघांनी," मी म्हणाले.

"दोघांनी म्हंजे?"

"मी पाय मारले, त्यांनी करवत धरली."

आईचा हात माझ्या पाठीवर आला, चिमटा काढायला. अक्काताईनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. त्या उजेडात एक कमळ माझ्या गालावर पडलं असणार, कारण ती आधी तिथं बघत राहिली आणि मग माझ्या डोळ्यांत. बराच वेळ.

"अंबुबाई," ती आईला म्हणाली, "पोरगी तुमची गुणाची हाय. पण आमच्याकडं यायची न्हाय ती."

"अहो, असं काय…"

"तिला विचारा की. मी कशाला सांगू?" मग ती भावकूकडं वळली. "चल रं. आणि ती जाळी घे. आमच्यासाठी केलीया न्हवं? ती मी सोडणार न्हाय."

आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. आप्पांनी एकच विचारलं, "त्यो काय म्हणतोय?"

"काहीच म्हणत न्हाईत."

"मग इचार जा."

पुढच्या रविवारी तो आलाच नाही. म्हणून मी शहापूरला गेले. त्या बोळात, त्याच्या दारात, भर दुपारी. चारी बाजूंनी माग चालले होते. तो मला बघून दचकून उठला.

"न्हाय म्हणाले!" मी सांगितलं.

"काय?" त्यानं कानाला हात लावला.

मी जवळ गेले. "निपाणीकर न्हाय म्हणाले."

त्याचा चेहरा आधी उजळला. मग उजळल्याची लाज वाटून पडला. "वाईट झालं…"

"वाईट वाटलं तुम्हाला?"

त्याचे ओठ हलले. मागांच्या आवाजात काही कळलं नाही. मी मान हलवली. मग त्याला वाकावं लागलं, अगदी माझ्या कानाशी. त्याच्या शर्टाला लाकडाचा वास येत होता.

"न्हाय वाटलं," तो म्हणाला. "ती जाळी संपूच नये, असं वाटायचं. मला कुठलं बोलायला येतंय? खांबावर चढलो की तिकडून अनगोळ दिसतंय, तर मी काम सोडून तुमच्या घराची कौलं शोधत बसतो. मला… मला तुम्ही पाहिजेत, शालनबाई."

समोरच्या घरातली बाई माग थांबवून आमच्याकडं बघत होती. मला तिची लाजसुद्धा वाटली नाही.

"मग आप्पांना सांगा," मी म्हटलं. "ते शेतात हायेत."

अनगोळच्या शिवारात भाताची कापणी चालली होती. तो आप्पांसमोर उभा राहिला. सगळ्यांना काही ना काही देणारा माणूस त्या दिवशी मोकळ्या हातानं आला होता आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. तरी त्यानं सांगितलं. एका दमात, न अडखळता. आप्पांनी ऐकून घेतलं. त्याच्या घरी कोण कोण, भात किती पिकतं, असं काहीबाही विचारलं. मग कमरेचा दुसरा विळा काढून त्याच्यापुढं धरला.

"खानापूरचा न्हवं तू? मग धर ओळ. तुझ्या घरच्यांना आईतवारी घेऊन ये."

तो पँट दुमडून वावरात उतरला.

मी भाकरीची बुट्टी घेऊन गेले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आप्पा पाणी आणायला विहिरीकडं गेले – मुद्दामच, असं मला वाटतं. बांधावर मी त्याच्यापुढं भाकरी ठेवली, वर झुणका, कांदा फोडून दिला आणि बाजूला उभी राहिले. त्याच्या कपाळावर भाताचं एक कुसळ चिकटलं होतं. त्यानं पहिला घास मोडला, पण तोंडात घातला नाही. बांधावरची माती हातानं झाडून त्यानं जागा केली.

"उभी का?" तो म्हणाला. "तू बी बस गं."

तू… आणि गं. मी बसले.