तीन तासांचं अंतर

दुबई ते मुंबई, विमानानं तीन तास. हैबतीनं हे गावात इतक्यांदा सांगितलं होतं, की पोलादपूरच्या स्टँडवरचा चहावाला चंदू त्याला 'तीन तास' म्हणूनच हाक मारायचा. मागच्या सुट्टीत चुलीपुढं बसून त्यानं आईलाही तेच ऐकवलं. "आये, तू भात टाकून लाकडं आणायला गेलीस, की येईस्तवर मी दारात हजर!"

बनुबाईनं फुंकणी खाली ठेवली. "मग येत का नायस रे?"

तेव्हा तो हसला होता. आता त्या हसण्याची त्याला लाज वाटत होती. आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप कधीच आला होता. पण तीन तासांचं तर काम, म्हणत त्यानं रजा पुढं ढकलली. शेवटी तार आली, तेव्हा कुठं तो विमानात बसला.

दुपारचं विमान. खाली नुसता समुद्र. आईच्या तोंडात आपल्या हातचं पाणी पडावं, एवढंच त्याचं मागणं होतं. त्यातच डोळा लागला. जाग आली तेव्हा उजवा तळवा ओला होता, आणि त्याला तुळशीचं पान चिकटलं होतं. कुणाच्या पिशवीतून पडलं असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण पान टाकवेना. त्यानं ते खिशात ठेवलं.

तीन तासांत मुंबई आली. पुढं एसटीनं अख्खी रात्र खाल्ली.

सकाळी स्टँडवर उतरला, तर चंदू त्याच्याकडं बघतच राहिला. "तू घराकडनं खाली कधी आलास?"

"आत्ताच येतोय. आये कशी हाय?"

चंदूच्या हातातली किटली थांबली. "असं काय करतोस? काल सांजचं नदीवर मीपण होतो. तूच तर अग्नी दिलास."

आई गेली होती. अग्नी चुलतभावानं दिला असेल, तो दिसतो आपल्यासारखाच, असं घोकत हैबती घराची चढण चढला.

दारात थोरली बहीण राहीबाई उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग मागं वळून घरात पाहिलं. ती किंचाळली नाही.

"आक्का, माझ्यासाठी थांबला का नाय गो?"

ती आत जाऊन शेजारणीनं दिलेल्या भाकरीचा तुकडा घेऊन आली. लांबून आलेल्यावरून तो ओवाळून टाकायचा, म्हणजे वाटेत मागं लागलेलं उंबऱ्याबाहेर राहतं, असं आई म्हणायची. हैबतीनं मान खाली घातली. राहीबाईनं तुकडा ओवाळला आणि त्याच्या मागं भिरकावला.

तो पाऊल उचलणार, तोच ती आडवी आली.

"काल भाऊ आला तवा घाईत ह्ये ओवाळायचं राहिलं, म्हणून तू आलास. जा बाबा. आल्या वाटेनं जा."

"आक्का, मी हैबती!"

"माझ्या भावानं आयेला पाणी पाजलं. तिचा जीव सुखानं गेला. तो आत निजलाय."

दार लागलं. कडी पडली.

हैबतीनं खिशात हात घातला. पान अजून ओलं होतं.

"कोण हाय गो, आक्का?" आतून त्याच्याच आवाजात कुणीतरी विचारलं.

"कोण नाय. तू पड. लांबून आलायस, परत जायचं असंल."

"नाय गो. आता मी कुठं जायचा नाय."