जांभळं टोपण

लिफ्टचं दार मिटता मिटता लिनियाला दिसलं, की तिचं थंड खोकं दुसऱ्याच कुणाच्या तरी काखेत आहे.

“ए... ते माझंय!”

तिनं पाय मधे घातला, दार उघडलं. आत एक सडसडीत मुलगा, केसांवर बर्फाचे कण. त्यानं खोक्यावरचं नाव वाचलं आणि ओशाळून हसला.

“लिनिया टॉर्गर्सन तूच का? अरेरे. म्हणजे मी तुझ्या पेशी घेऊन निघालो होतो.”

“चोरी ती चोरी, वर हसतोयस?”

“चोर असतो तर जिन्यानं पळालो असतो. फेंग लोर. खालच्या मजल्यावरच्या लॅबमधला.”

झालं! त्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचं नळ्या गरगर फिरवायचं यंत्र बिघडलं आणि फेंग तिच्या लॅबमध्ये यायला लागला. ते यंत्र दोन दिवसांतच दुरुस्त झालं होतं म्हणे. लिनियाला नंतर कळलं. पण तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. उगाच कशाला भांडं फोडायचं! तो आईच्या हातचा चिकट भात आणि मिरचीचा ठेचा आणायचा, ती आजीच्या पद्धतीची बटाट्याची पोळी. दोघं खिडकीत उभी राहून खायची. समोर मॅडिसन शहराचं गोठलेलं तळं. तिला तो आवडायला लागला होता... फार. पण बोलायची सोय नव्हती. जूनमध्ये ती दूर समुद्राकाठी, सॅन दिएगोला नोकरीवर जाणार होती, आणि फेंग म्हणजे दर शनिवारी आईच्या भाजीच्या गाड्यावर उभा राहणारा मुलगा. त्याला इथून उपटायचं कसं?

नोकरीची अट एकच होती, प्रबंध पुरा हवा. आणि प्रबंधाचं घोडं अडलं होतं शेवटच्या प्रयोगावर. तिनं तयार केलेला रेणू माणसाच्या संरक्षक पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे बाहेरचे रेणू धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो का, एवढंच दाखवायचं होतं. तो रिसेप्टर काही कुणाच्या अंगातून काढत नाहीत. माणसाचं जनुक दुसऱ्या पेशींत घालून करवून घेतात, सुकवतात आणि करंगळीएवढ्या कुपीत पाठवतात. एप्रिलमध्ये ती कुपी आली, जांभळ्या टोपणाची. कंपनीकडे दुसरी नव्हती. पुढची थेट हिवाळ्यात.

आता या कुपीचा एक शिरस्ता असतो. आतली भुकटी दिसत नाही, कुपी रिकामीच वाटते. आणि वाटेत हिंदकळून ती भुकटी टोपणाला चिकटते. म्हणून आधी कुपी यंत्रात फिरवून भुकटी तळाशी बसवायची, मग उघडायची. लॅबमध्ये काल आलेलं पोरही हे चुकत नाही.

लिनिया चुकली. कारण नेमका त्याच वेळी फेंग दारात उभा राहून म्हणाला, “तिकडे समुद्र बघितलास, की या तळ्याला विसरशील ना?”

“तळ्याला?” ती वळली. “की आणखी कुणाला?”

तो लाजला. ती त्याच्याकडे बघत राहिली... आणि बघता बघता टोपण काढून कचऱ्यात टाकलं. मग हातातल्या कुपीकडे लक्ष गेलं आणि तिच्या पायांखालची जमीनच सरकली.

“फेंग... मी फिरवलीच नाही रे.”

“टोपण कुठंय?”

तिनं डब्याकडे बोट केलं. डबा आठवड्याचा; हातमोजे, नळ्या, टोपणं, काठोकाठ. फेंगनं हातमोजे चढवले, जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलं आणि डबा उपडा केला. दोघं गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे भरून आले होते.

“तुला कळतंय ना,” ती म्हणाली, “हे सापडलं तर मी जाणार?”

“कळतंय.”

“मग इतकं जीव तोडून कशाला शोधतोयस, वेड्या?”

तो थांबला नाही. एकेक हातमोजा झटकत म्हणाला, “नाही सापडलं तर तू थांबशील. पण टोपणामुळं थांबशील. माझ्यामुळं नाही. तसलं थांबणं मला नकोय.”

इतक्या महिन्यांत हा मुलगा मनातला एक शब्द धड बोलला नव्हता, आणि बोलला तो असा, कचऱ्यात बसून!

टोपण एका हातमोज्याच्या बोटात निघालं. फेंगनं ते उजेडात तिरपं धरलं. आत धुरकट, श्वासाची वाफ बसावी तसा पापुद्रा. तिनं थेंब थेंब पाणी सोडून तो विरघळवून कुपीत घेतला. न हलवता, न फेस आणता. कुपी त्यानं धरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगाची शेवटची पायरी. रिसेप्टरनं रेणूला धरलं असेल तिथं निळा रंग यायचा. दोघं बारीक खळग्यांच्या ताटलीवर वाकली. काही नाही... काही नाही... मग एका कोपऱ्यात फिकट निळं, आणि बघता बघता अख्खी रांग गर्द.

“आलं!” लिनिया ओरडली आणि त्याच्या गळ्यात पडली. मग भानावर येऊन मागे सरली, पण फार नाही. खिडकीबाहेर तळ्यावरचा बर्फ कडाकड फुटत होता.

“आता टोपण आडवं येत नाही,” ती म्हणाली. “आता म्हण, थांब म्हणून.”

“नाही म्हणणार.”

“फेंग!”

“भाजीचा हंगाम आईबरोबर काढतो. तिला कालच सांगितलंय. ती म्हणाली, एवढे दिवस कुणासाठी भात नेत होतास ते काय मला कळत नव्हतं?” त्यानं मान वर केली. “पहिला बर्फ पडला, की मी तिकडे येऊ?”

लिनिया हसता हसता रडायला लागली.

“तिकडे बर्फ पडत नाही रे, वेड्या.”

“इथं पडेल ना,” तो म्हणाला. “तू फक्त दार उघडं ठेव. मधे पाय घालायला मी तुझ्याकडूनच शिकलोय.”