न सुटलेल्या पेशी

विनिपेगच्या आमच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं पेशी वाढवतेय. मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशी तळाला धरून राहतात, ते काही चिकट प्रथिनांच्या जोरावर. साखर फार झाली की ती प्रथिनं विरतात, पेशी सुटतात आणि लघवीवाटे वाहून जातात. मधुमेह्यांची मूत्रपिंडं अशीच झिजतात. काचेच्या बशीतही साखर घातली की तिसऱ्या दिवशी पेशी तरंगू लागतात.

लेनर्ड सिगर्डसनच्या तरंगल्या नाहीत. हा म्हातारा सरोवरावर मासेमारी करायचा. जानेवारीत मूत्रपिंडाच्या दुखण्यानंच गेला. तेव्हा काढून ठेवलेल्या त्याच्या पेशी अकरा दिवस साखरेत बसून होत्या.

"प्रथिनं मोजलीस, मोइरा?" आमच्या प्रमुख, डॉक्टर ह्रित्साक यांनी विचारलं.

"तीनदा. शून्य आहेत."

"मग धरून कशानं बसल्यात? डिंकानं?"

पेशी सोडवायचं औषध घातलं. बशी टेबलावर आपटून पाहिली. एकही हलली नाही.

फेब्रुवारीत त्याची मुलगी थोरा आली, नमुने नष्ट करायच्या कागदावर सही करायला.

"महिनाभर थांबा हो," डॉक्टर म्हणाल्या. "यातून कित्येकांची मूत्रपिंडं वाचतील."

"माझीही वाचतील कदाचित. मलाही साखर आहे." थोरानं पेन उचललं. "पण बाबांचं काही म्हणजे काही मागे ठेवू नकोस, असं आईनं बजावलंय."

"का?"

"ते नाही सांगितलं तिनं."

सही झाल्यावर तिला त्या पेशी एकदा बघायच्या होत्या. मी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग चिकटपट्टीनं बंद केलेल्या झाकणावर तिनं तळवा टेकवला.

"ऊब आहे हिला."

"आत्ताच उबेच्या कपाटातून काढलीय," मी म्हणाले.

ती गेली. जाळायच्या डब्यात टाकण्याआधी मी सवयीनं बशी पुन्हा पाहिली.

तळ स्वच्छ होता.

द्रवातही एक पेशी नव्हती.

झाकणाची चिकटपट्टी जागच्या जागी होती.

डॉक्टरांनी पाहिलं. आम्ही दोघी खिडकीशी गेलो. खाली, उणे पंचवीस अंशांत, थोरा हातमोजा काढून गाडीपाशी उभी होती. तळवा कोटावर पुसायची, बघायची, पुन्हा पुसायची.

मग तो हात सावकाश कमरेमागे, मूत्रपिंडाच्या जागी जाऊन टेकला. गाडीत बसतानाही तिनं तो तिथून काढला नाही.