भेटीची वेळ

बाबा एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे. कोणाच्या गालावरची पुटकुळी, कोणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कोणाच्या कपाळावरची आठी, हे सगळं निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून घालवायचं, हे त्यांचं काम. स्टुडिओच्या मागच्या खोलीत त्यांचं उतरतं टेबल होतं, त्यात काच बसवलेली आणि काचेखाली दिवा. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचे. बाबा डोळ्याला भिंग लावायचे, श्वास रोखायचे, आणि एखाद्या नवरदेवाच्या नाकावरची चामखीळ बघता बघता नाहीशी व्हायची.

"लग्न लागलं की पुन्हा उगवेल," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

माझी धाकटी बहीण भाजली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. अंघोळीच्या पाण्याचं पातेलं ओट्यावरून तिच्या अंगावर पालथं झालं. मी घरी पोचले तेव्हा फरशी पुसून झाली होती. शेजारच्या काकू आमच्याच घरात पाहुण्यासारख्या अवघडून बसल्या होत्या. "काही नाही गं, तू आधी हातपाय धू," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यावरूनच मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय.

ती वाचली. पण डाव्या गालापासून गळ्यापर्यंतची कातडी आक्रसत गेली आणि हनुवटी खांद्याकडे ओढली गेली. कोणी हाक मारली की तिला अख्खं अंग वळवावं लागायचं. तरी आमच्या घरात सगळ्यांत जास्त हसणारी तीच. नातेवाइकांच्या नकला अशा करायची की ज्याची नक्कल त्यालाही हसू आवरायचं नाही.

एकदा तिच्या शाळेच्या वर्गाचा फोटो बाबांच्या स्टुडिओत काढला गेला. बाबांनी कोणाला न विचारता तिचा व्रण घालवला आणि मान सरळ केली. फार सुंदर काम होतं ते. धाकटी तो फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ही कोण?"

बाबा आधी हसले. मग हसायचे थांबले. आईने फोटो कपाटात ठेवला आणि पुन्हा कधी कोणी तो काढला नाही. त्या दिवशी मी ठरवलं, की हे काम कागदावर करण्यात अर्थ नाही, माणसावर करता आलं पाहिजे. पुढचं माझं सगळं आयुष्य त्या एका हट्टावर गेलं.

डॉक्टर झाले, सर्जरी केली, मग प्लास्टिक सर्जरीला प्रवेश मिळाला. मावशीने काळजीने विचारलं, "म्हणजे तोंडात प्लास्टिक भरतात का गं?" मी उत्तर देण्याआधीच धाकटी मावशीच्याच आवाजात म्हणाली, "अगं, ताई बादल्या दुरुस्त करते. गळकी असेल तर दे धाडून."

ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो. कलम म्हणजे काय, हे त्यांनी शिकवलं. मांडीवरची पातळ कातडी सोलून घ्यायची, जखमेवर अंथरायची आणि वाट बघायची. धरली तर ती गुलाबी होते, नाही धरली तर काळी पडून सुटते. "आपण शिवतो. धरायचं की नाही ते तिचं ती ठरवते," सर म्हणायचे. त्यांचा नियम एकच होता, घरच्या माणसावर सुरी धरायची नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "घरच्या माणसाचा चेहरा आपण कधी बघितलेलाच नसतो."

ते निवृत्त झाल्यावर भाजलेल्यांचा वॉर्ड माझ्याकडे आला. वरच्या मजल्यावर लांबलचक खोली, समोरासमोर खाटांच्या दोन रांगा, उंच खिडक्या. ओल्या गॉझचा आणि मलमाचा वास इतका मुरलेला, की रंग दिला तरी दुसऱ्या दिवशी तो भिंतीतून वर यायचा. दुपारी भेटीची वेळ सुरू झाली की जिन्यावर चपलांचे आवाज यायचे. मला तो आवाज आवडायचा.

पहिला प्रकार घडला तो एका बॉयलरवाल्याच्या बाबतीत. वाफेने त्याचा चेहरा गेला होता. मी त्याच्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. नाक केलं, पापण्या केल्या, ओठ केले. आणि तो बरा झाला तो असा, की विद्यार्थी त्याचा जुना फोटो शेजारी धरून बघायचे आणि फरक सापडायचा नाही. घरी सोडायच्या दिवशी बायको त्याच्यासाठी नवा शर्ट घेऊन आली. त्याच्याकडे बघून ती ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली. मग मला म्हणाली, "डॉक्टर, आमचे हे कुठे आहेत?"

त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. त्याने मुलीचं लाडाचं नाव सांगितलं. लग्नाच्या दिवशी कशावरून भांडण झालं होतं ते सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"सगळं बरोबर सांगतायत," ती म्हणाली. "यांना कोणीतरी सांगितलं असेल."

तो एकटाच घरी गेला. काही दिवसांनी भेटीच्या वेळी मी राउंड घेत होते, तर ती त्याच्या जुन्या खाटेजवळ स्टुलावर बसलेली. खाट रिकामी होती, चादर ताणून घातलेली. ती संत्रं सोलत होती आणि हळू आवाजात घरातलं काहीबाही सांगत होती. मध्येच थांबायची, ऐकायची, मान हलवायची. एकदा तर चक्क लाजली.

आमच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांना मी गाठलं. ते माझे वर्गमित्र. "असा आजार असतो," ते म्हणाले. "आपलंच माणूस परकं वाटतं. नाव इतकं लांब आहे की ऐकूनच पेशंट पळतो." मला हायसं वाटलं.

मग गालाची गाठ काढलेल्या एका शिक्षिकेचे दोन्ही मुलगे तसेच वागले. मग अपघातात जबडा चिरडलेल्या एका तरुणाचे वडील. हे लोक एकमेकांना ओळखत नव्हते. आणि हे फक्त माझ्या उत्तम कामांच्या बाबतीत होत होतं. ज्यांचे व्रण राहिले, ओठ वाकडे राहिले, त्यांना घरच्यांनी गळ्यात पडून, रडत, हसत नेलं.

मानसोपचारवाले एका दुपारी स्वतः वॉर्डात आले. रिकाम्या खाटांपाशी बसलेल्या माणसांकडे दारातून बघत राहिले. या वेळी त्यांनी कुठल्याही आजाराचं नाव घेतलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "बघितलंस का, एकही दुःखी दिसत नाही."

त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की इन्चार्ज सिस्टर त्या खाटा नव्या रुग्णांना देत नव्हत्या. मी चिडले. बाहेर व्हरांड्यात भाजलेली माणसं जमिनीवर पडली होती.

"देऊन बघितल्या, मॅडम," त्या खाली बघत म्हणाल्या. "पेशंट कडेला सरकून झोपतो. झोपेत पडतो. एकाचा हात मोडला."

"कडेला का?"

त्यांनी जवळच्या खाटेची चादर ताणून सारखी केली. मी गाद्या बदलायला लावल्या. नव्या गाद्या दुपारी आल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या मध्यभागी खळगा पडला होता. उशीच्या बाजूला चादरीवर फिकट पिवळा डाग होता. ताज्या कलमातून पाझरतो तसा. तो डाग मी आयुष्यभर बघत आले आहे, त्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं.

त्याच सुमारास धाकटीच्या गळ्यावरच्या व्रणाला जखम झाली. भरेना. जुन्या भाजल्याच्या व्रणात कधी कधी कर्करोग होतो, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते. तुकडा तपासून आला तेव्हा मला वाचायचीही गरज वाटली नाही.

"सगळं कापावं लागेल," मी म्हणाले. "दुसऱ्या डॉक्टरांकडे नेते तुला. चांगले आहेत."

"तू कर." ती नेहमीसारखी अख्खं अंग वळवून माझ्याकडे बघत होती. "इतकी वर्षं काय बादल्यांवर हात साफ केलास का?"

"धाकटे, ऐक जरा."

"नाहीतर राहू दे. दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही."

आठवडे हातचे जात होते. तिने हट्ट सोडला नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघीच होतो; शेवटी मी आईसमोर हो म्हणाले, आणि मनाशी एक ठरवलं. रोग सगळा काढायचा, पण काम वाईट करायचं. जाड, ओबडधोबड कातडी लावायची, टाके लांब लांब घालायचे, मान थोडी वाकडी राहू द्यायची. ती जगली पाहिजे आणि ओळखूही आली पाहिजे.

मी तसंच केलं. मदतीला असलेल्या डॉक्टरने एकदा माझ्याकडे चमकून बघितलं. मी त्याला धागा कापायला सांगितलं.

कलम धरलं. पहिल्याच ड्रेसिंगला ते गुलाबी होतं. दुसऱ्याला कडा जुळलेल्या होत्या. मी ओढून घातलेले टाके काढले, तर त्यांची खूणसुद्धा नव्हती. रोज थोडी थोडी तिची मान सरळ होत होती. मी काहीही करत नव्हते. मी नुसती बघत होते.

शेवटची पट्टी काढली त्या दुपारी आई शेजारी उभी होती. तिने हातातली पिशवी खाली ठेवली. खाटेवरच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"फार छान केलंस गं," ती मला म्हणाली. आणि खाटेकडे वळून अदबीने म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"आई!" धाकटीचा आवाज फाटला. "ताई, हिला काय झालं? तू तरी बोल ना!"

मी बघितलं. बाबांचं नाक. कानापाशी तीळ. मान सरळ. आवाज तिचाच. घाबरली की ती खालचा ओठ चावते, तसा चावलेला.

मला काहीच झालं नाही. एखाद्या अनोळखी बाईने रस्त्यात थांबवावं आणि आपल्याला भलत्याच नावाने हाक मारावी, तसं वाटलं. इतकंच.

तिला मी घरी आणलं. दुसरं काय करणार? आईने तिला पाहुण्यांची चादर घालून दिली. पहिले काही दिवस ती मावशीची नक्कल करायची, शेजारच्या काकूंची करायची. नकला हुबेहूब होत्या. आम्ही दोघी जेवत राहायचो. हळूहळू तिने ते बंद केलं.

आई रोज दुपारी फणी आणि तेलाची बाटली घेऊन दवाखान्यात जाऊ लागली. तिला अडवावं असं मला वाटत होतं.

एक दिवस मी राउंड घेता घेता धाकटीच्या खाटेपाशी थांबले.

आई स्टुलावर बसून हवेत फणी फिरवत होती. नाही. हवेत नाही. फणी अडत होती. गुंता लागला की आई ती थांबवायची, हलकेच सोडवायची आणि पुन्हा पुढे न्यायची.

"बस ना," आई म्हणाली. "केव्हाची वाट बघतेय तुझी."

मी दुसऱ्या बाजूला बसले. चादरीवर हात ठेवला.

चादर गरम होती.

"कशी आहेस?" मी विचारलं. आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच मला रडू कोसळलं.

पुढे काय ऐकलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी शस्त्रक्रिया सोडल्या. वॉर्ड भरलेला आहे म्हणून नवे भाजलेले रुग्ण खालूनच दुसरीकडे पाठवतात. त्यातले काही वाटेतच जातात. दुपारी स्टुलं कमी पडतात. मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन खाटेखाटेवरून फिरते. पट्ट्या ओल्या निघतात. मी त्या बदलते.

परवा संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई झोपली होती. मी घरी आणलेल्या त्या बाईने माझ्यासमोर चहा ठेवला आणि ती समोरच्या खुर्चीत बसली.

"ताई," तिने हळूच विचारलं, "ती बरी होतेय का?"

मी कप खाली ठेवला.

"जखम भरतेय," मी म्हणाले. "हळूहळू."

तिने मान हलवली. टेबलावरची तिची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

"तिला घरी पाठवू नकोस," ती म्हणाली. "खाटांवरच्या कोणालाच पाठवू नका. ते आले तर आम्हाला जायला दुसरी जागा नाही."